मावशी निघाल्या, चित्र लावा

नागपुरात हुडकेश्वरला राहायला आलो त्या दिवशी ट्रकमधून सामान उतरत होतं आणि फाटकाशी एक बाई येऊन उभ्या राहिल्या. उंची माझ्या खांद्याएवढी, फिकट सुती पातळ, पदर कमरेला खोचलेला, आणि दहाही नखांच्या कडांना हिरवा रंग. मला वाटलं, शेजारच्या असतील, ओळख करून घ्यायला आल्या असतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ट्रकमधल्या खोक्यांकडे बघत म्हणाल्या, "रद्दी विकते का ठेवते वं?"

"विकते," मी म्हटलं.

"आता नोको विकू. मले देजो. लग्नाच्या पत्रिका बी. मिठाईच्या डब्याची झाकणं बी."

एवढं सांगून त्या गेल्या. पाच मिनिटांनी चहाची किटली घेऊन परत आल्या, हमालांसकट सगळ्यांना चहा पाजला, प्रत्येकाला "साखर बरोबर हाये ना गा?" विचारलं, आणि जाताना फ्रिजचं रिकामं खोकं उलगडून काखेत मारून घेऊन गेल्या. आपली ओळख राहिलीच हे त्यांच्या फाटकापर्यंत पोचल्यावर लक्षात आलं असावं. तिथूनच ओरडल्या, "मी मेश्राम!"

या मेश्राममावशी. लकडगंजात लग्नपत्रिका आणि दुकानांच्या पिशव्या छापणाऱ्या एका लहानशा स्क्रीन प्रिंटिंगच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं काढली. लाकडी चौकट, तिच्यावर ताणून बसवलेलं जाळीचं कापड, कापडावर शाई, रबराच्या पट्टीनं एक जोरदार ओढ, आणि खाली कागदावर चित्र. रोज हजारदा. पुढं कॉम्प्युटरवरची छपाई आली, कारखाना बंद झाला. मालकानं निरोपाच्या दिवशी शाल आणली होती. मावशींनी ती परत केली आणि चौकटी मागून घेतल्या. "नागपुरात शाल पांघरून का करू?" असं त्या विचारत.

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी रायपूरला दिलेली. घर तीन खोल्यांचं. त्यातली दीड खोली मावशींची आणि दीड कागदांची.

"तीस वर्षं लोकाइच्या पोरापोरींची नावं छापली," त्या सांगत. "एक काना चुकला का नवरदेवाचा बाप भांडाले हजर. आता माह्या मनात येईल थे छापते. कोण चूक काढते त्यात?"

त्यांच्या मनात यायचं ते आमच्या वस्तीतलंच असायचं. आम्हाला मिळालेलं पहिलं चित्र म्हणजे आमचं फाटक आणि त्यावर उन्हात टाकलेली गादी. फाटक छापलेलं, गादी कागदाच्या तुकड्यांची. तिचे पट्टे औषधाच्या दुकानाच्या पिशवीचे होते आणि उशी माझ्याच मावसबहिणीच्या लग्नपत्रिकेची. दोनच रंग, पण ती गादी इतकी गरम दिसत होती की तिच्यावर हात ठेवावासा वाटे. कात्री त्या लावत नसत. कागद बोटांनी फाडत. "कात्रीचा कागद शाळेत निघालेल्या पोरावानी दिसते, भांग पाडून. फाडलेला कागद कसा घरातल्यावानी दिसते."

चित्र त्या विकत नसत. देत. पण अटीवर देत. ते भिंतीवर लागलं पाहिजे. माळ्यावर नाही, पलंगाखाली नाही, "सध्या ठेवलंय, मग लावू" तर मुळीच नाही. अधूनमधून त्या तपासणीला येत. घरात शिरत त्या थेट चित्रापाशी, पदरानं त्याची काच पुसत, वाकडं असलं तर सरळ करत, आणि मग वळून विचारत, "कशी हायेस वं?"

पत्रिकांवरून एकदा चांगलाच घोळ झाला. आमच्या सोसायटीचे सचिव ढोबळेकाका. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, पण नोटिसा काढण्यातून झाले नाहीत. त्यांच्या भाचीच्या लग्नाची पत्रिका ओट्यावर पडलेली मावशींना दिसली, तिची सोनेरी किनार दिसली, आणि त्या ती घेऊन गेल्या. लग्नाच्या संध्याकाळी काका सूट घालून त्यांच्या दारात. "मेश्रामबाई, पत्रिका द्या. हॉल कोणता ते पाहायचं आहे." मावशींनी आतून एक चित्र आणलं. पत्रिकेचा मावळता सूर्य झाला होता. काका, काकू आणि मावशी तिघांनी मिळून सूर्य वाचला. खालच्या अंगाला 'मंगल' एवढंच शिल्लक होतं. लग्नघरी कोणी फोन उचलेना. शेवटी, आहेत तरी किती मंगल कार्यालयं, असं म्हणून तिघं उमरेड रोडला लागली आणि रोषणाई दिसली त्या पहिल्या मांडवात शिरली. जेवण झालं. काकूंनी आणलेला मिक्सर देऊन झाला. फोटोसाठी स्टेजवर चढल्यावर काकांनी नवरीकडे पाहिलं, आणि त्यांच्या कपाळाला घाम आला. मावशींनी मात्र नवरीची हनुवटी धरून "काय सुंदर दिसून राहिली वं!" म्हटलं, मध्ये उभ्या राहून फोटो काढून घेतला आणि खाली उतरल्या.

"आपली भाची नव्हती ती," काका रस्त्यात म्हणाले.

"मंग? सुंदर नव्हती का?"

मावशींची छपाई पाहण्यासारखी असे, आणि तिच्यापासून लांब राहणं शहाणपणाचं असे. चौकटीवर चित्र उतरवायचं म्हणजे आधी जाळीला एक हिरवं केमिकल लावायचं, ते अंधारात वाळवायचं, मग वर चित्राची काळी फिल्म ठेवून उजेडात धरायचं. उजेड लागतो तिथं केमिकल घट्ट बसतं, उरलेलं पाण्यानं धुऊन जातं. लोक यासाठी दिव्यांची पेटी घेतात. मावशी गच्चीवर जात. घड्याळ लावत नसत, सतराचा पाढा म्हणत. मे महिन्यात एकदा, थंडीत तीनदा. एकदा मधेच पोस्टमननं खालून विचारलं, "बाई, घर नंबर किती?" वरून खणखणीत उत्तर आलं, "एकशे दोन!" त्यांचं पत्र तिसऱ्या गल्लीत एकशे दोन नंबरला गेलं.

आणि अंधार त्यांच्या घरात एकाच जागी होता: न्हाणीघरात. तिथंच संडासही. चौकट वाळत असली की तीन तास त्या दाराला कोणी हात लावायचा नाही.

अशाच एका दिवशी आमची बेल वाजली. दारात धोतर नेसलेले एक अनोळखी गृहस्थ. चेहरा पांढराफटक. त्यांनी हात जोडले. "बाई, मी मेश्रामबाईचा भाऊ किसन, कुहीवरून आलो. वळख मंग करून घेऊ," एवढं बोलून ते माझ्या बाजूनं आत पळाले. बाहेर मावशी आपल्या फाटकाशी उभ्या राहून ओरडत होत्या, "तीन घंटे थांबले काय होते गा तुले!" पंधरा मिनिटांनी किसनमामा प्रसन्न मुद्रेनं बाहेर आले, दिवाणावर बसले आणि म्हणाले, "हां. आता सांगा, कोणत्या गावच्या तुम्ही?" पुढल्या खेपेला त्यांनी आमच्यासाठी घरच्या शेतातला दहा किलो तांदूळ आणला. आम्हाला तो घ्यावासा वाटेना आणि नको म्हणवेना.

चारएक वर्षांपूर्वी मावशींच्या रंगांचं काहीतरी बिनसलं.

आधी आमच्याच लक्षात आलं. आमच्या अंगणातल्या चिकूचं चित्र त्यांनी आणून दिलं. झाड होतं, पानं होती, चिकू होते. चिकू जांभळे होते. गच्च, वांग्यासारखे जांभळे. मी चित्राकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उजळलेला. मी म्हटलं, "किती वेगळं!"

तो शब्द पुढं वस्तीत फार चालला. ढोबळेकाकांच्या दिवंगत वडिलांचं चित्र निळं झालं, काका म्हणाले, "वेगळं आलंय." पलीकडच्या जोशीबाईंना मोरपंखी रंगाची भेंडी मिळाली. तीही वेगळी होती. हळूहळू घराघरांत निळी कुत्री, जांभळे आजोबा, निळसर पोळ्या जमल्या. फक्त चौदा एप्रिलच्या जयंतीचं पत्रक त्यांनी छापलं ते सगळ्यांनी मनापासून वाखाणलं. तिथं निळा जास्त होतो म्हणायची कोणाची टाप होती?

चित्रं डोळ्यांसमोर ठेवणं अवघड होतं. माझा नवरा प्रकाश म्हणाला, जांभळ्या चिकूसमोर बसून जेवण उतरत नाही. मग आम्ही ते कपाटामागं सरकवलं. पण तपासणी तर होणार. तेव्हा ढोबळेकाकूंनी मोबाइलवर एक ग्रुप काढला. त्याचं नाव 'हवामान'. मावशी फाटकाबाहेर पडल्या की ज्याला पहिल्यांदा दिसतील त्यानं त्यावर कळवायचं, आणि त्या गल्लीतल्या घरांनी खिळ्यावर चित्रं चढवायची. पावणेदोन मिनिटांत मी कपाट सरकवून चिकू टांगत असे. मावशी येत, काच पुसत, आणि म्हणत, "एवढ्या धापा काहून टाकून राहिली वं? बीपी तपासून घे."

तुम्ही म्हणाल, सांगून का नाही टाकलं? मीही स्वतःला विचारलं. सुरुवातीला वाटलं, त्यांची लहर असेल, कलाकाराचं काही सांगता येत नाही. नंतर वाटलं, आता इतके दिवस 'वेगळं' म्हणून झाल्यावर काय सांगणार? आणि खरं म्हणजे, आमच्याकडे ती पहिली गादी होती भिंतीवर. ती छापणारा हात गेला असं त्या हाताच्या मालकिणीला तोंडावर कोण सांगेल? सांगितलं आणि त्यांनी चौकटीच ठेवून दिल्या तर? सकाळी त्यांच्या गच्चीवरून सतराचा पाढा ऐकू आला नाही तर? असं मनाशी म्हणत आम्ही सगळ्यांनी मिळून एक भेकडपणा छान सांभाळला.

तो मोडला किसनमामांनी.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात मावशींनी त्यांच्या बैलजोडीचं चित्र केलं. मोठं, दोन हात लांब. ते बघायला आम्हा पाच-सहा जणांना चहाला बोलावलं. किसनमामा खास कुहीहून आले होते. मावशींनी चित्रावरचं कापड काढलं. मामांनी कपबशी खाली ठेवली.

"ताई, बैल निळा काहून?"

खोलीत कोणी बिस्कीट चावत होतं, ते थांबलं. ढोबळेकाका खोकले. मी घाईनं म्हटलं, "मामा, कलेत असतं तसं. वेगळं..."

"वेगळं नाही वं बाई, निळं. माह्या ढवळ्याले का कोणी निळीच्या बादलीत बुडवलं?"

मावशी हसल्या. "ऐका! याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं मागच्या साली. तवापासून याले सगळं रंगीत दिसून राहिलं."

"म्हणून तं पुसून राहिलो," मामा म्हणाले. "ऑपरेशनच्या आधी मले बी ढवळ्या पिवळा दिसे. लय पिवळा." त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून बहिणीपुढं धरला. "हा कोणत्या रंगाचा?"

"पिवळट. धुत जाय ना जरासा."

"आज सकाळी नवा घेतला ताई. पांढराधोप हाये."

मावशींनी दुपट्टा हातात घेतला, खिडकीपाशी नेला, जवळ धरला, लांब धरला. मग आमच्याकडे वळल्या. "पांढरा हाये का?"

मी माझ्या बिस्किटाकडे पाहिलं. त्यावरची नक्षी इतकी नीट मी आयुष्यात कधी पाहिली नव्हती.

बैलांबद्दल त्यांनी त्या दिवशी पुढं एक शब्द विचारला नाही. चित्रावर कापड टाकलं आणि म्हणाल्या, "पाहीन मंग."

मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता. डॉक्टर म्हणाले, इतका पिकेपर्यंत तुम्ही करत काय होता? "छापत होते," मावशी म्हणाल्या. डॉक्टरांनीच समजावलं की पिकलेल्या मोतीबिंदूतून पांढरंही पिवळं दिसतं. बैल पांढरा दिसावा म्हणून मावशी शाईत निळा ओतत गेल्या होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांना तो अगदी बरोबर पांढरा झाला होता. आधी डावा डोळा झाला, महिन्यानं उजवा. मुलगी येऊन राहिली, परत गेली.

दुसऱ्या डोळ्यानंतर दहा-बारा दिवसांनी, रविवारी सकाळी अकराला, मी खिडकीतून पाहिलं तर काळा गॉगल लावून मावशी आमच्या फाटकात. ग्रुप बघायला वेळच नव्हता. कपाट सरकवलं, चिकू टांगला, दार उघडलं.

त्या नेहमीसारख्या थेट चित्रापाशी गेल्या. गॉगल काढला. पदर हातात घेतला होता, पण काच पुसली नाही.

"हे मी छापलं?"

"हो."

"जांभळे चिकू?"

मी मान डोलावली.

"आन् तू का म्हटलं होतं?"

"वेगळं," मी म्हटलं.

तेवढ्यात समोरच्या टीपॉयवर माझा फोन उजळला. मावशी त्यापासून चार हातांवर होत्या. वाचायला लागल्या, एकेक अक्षर, पहिलीतल्या पोरीसारखं. "मावशी... तुमच्याकडे... निघाल्या. चित्र... लावा." ढोबळेकाकूंना नेमका त्या दिवशी उशीर झाला होता. कित्येक वर्षांत मावशींनी बिनचष्म्यानं वाचलेली ही पहिली ओळ.

त्यांनी फोन उचलला. वरच्या ओळी वाचल्या. मग त्याच्या वरच्या. 'मावशी दुसऱ्या गल्लीत.' 'मावशी परतल्या, काढलं तरी चालेल.' 'आज ढग नाहीत.' मी तिथं उभी होते. मला वाटलं, रागावतील, ओरडतील. त्यांनी फोन टीपॉयवर ठेवला, चिकू खिळ्यावरून उतरवला आणि माझ्या हातात दिला.

"चल. उचल."

त्या पुढं आणि मी मागं, अशी आम्ही घरं घेतली. प्रत्येक दारात त्या एवढंच म्हणत, "माहं चित्र दे." कोणी खिळ्यावरून काढून दिलं, धापा टाकत. कोणाला सापडेचना. जोशीबाईंची भेंडी पापड वाळत घातलेल्या प्लास्टिकखाली निघाली, आणि जोशीबाई रडायलाच लागल्या. एका घरात चित्रावर कॅलेंडर लावलेलं होतं, चालू महिन्याचं. माझ्या हातातली चळत वाढत गेली. काचांच्या चौकटी, जड. उन्हात माझे हात भरून आले, पण "जरा थांबू या" म्हणायची हिंमत नव्हती. प्रत्येक घरातली माणसं माझ्याकडं अशी बघत होती की जणू मीच फितूर झाले.

शेवटी ढोबळेकाकांचं घर. काका स्वतः दारात आले.

"देणार नाही," ते म्हणाले.

"काहून?"

"माझे वडील आहेत."

"निळे हायेत तुमचे वडील! मी पाहून राहिली ना इथून!"

"असू देत." काकांचा आवाज एकदम बारीक झाला. "त्यांचे सगळे फोटो ऑफिसचे आहेत. एकातही हसलेले नाहीत. तुम्ही पाहिलंय त्यांना आमच्या ओट्यावर हसताना. म्हणून यात हसताहेत. पहिले आठ दिवस लपवलं होतं, खोटं बोलत नाही. मग नाही लपवलं. हिला विचारा. ते खिळ्यावरून कधी उतरलंच नाही."

मावशी आत गेल्या. निळ्या म्हाताऱ्यासमोर उभ्या राहिल्या. मग अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढली, काकांकडून चौकट उघडून घेतली आणि चित्राखाली लिहिलं: 'चूक माही, हट्ट तुमचा.' खाली सही केली. ती चौकट अजून तिथंच आहे.

परत येताना माझ्या फाटकाशी त्या थांबल्या. चळत माझ्याकडून घेतली नाही. म्हणाल्या, "हसले असते ना माह्यावर, तं चाललं असतं. तीस वर्षं लोकं हसले, भांडले, पत्रिका तोंडावर फेकल्या. मी दुसरी छापून देत आली. तुम्ही दया काहून केली?"

"आम्ही घाबरलो, मावशी."

"मले? माहं वजन बेचाळीस किलो हाये."

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडू आलं, आणि दोन्ही एकदम आलं की तोंडाचं जे काही होतं ते झालं. त्यांनी ते नव्या डोळ्यांनी नीट पाहिलं आणि आपल्या घरी गेल्या.

पुढं महिनाभर त्या कोणाशी बोलल्या नाहीत. गच्ची गप्प होती. 'हवामान' ग्रुप ढोबळेकाकूंनी बंद केला. शेवटचा निरोप कोणीतरी 'सॉरी' असा टाकला होता, तो नेमका कोणाला उद्देशून होता कळलं नाही. चित्रांची चळत मी त्यांच्या दारात नेऊन ठेवली, दुसऱ्या दिवशी ती आत गेलेली दिसली. मी दोनदा डबा घेऊन गेले. त्यांनी डबा घेतला, धुऊन परत दिला, दार लावलं.

आणि एका सकाळी प्रत्येक घराच्या फाटकात एकेक पाकीट.

माझ्या पाकिटात तळहाताएवढं कार्ड होतं. त्यावर आमच्या चिकूचेच तुकडे, फाडून लावलेले. जांभळ्यातून त्यांनी संध्याकाळचं आभाळ आणि त्याखाली आमचं छप्पर काढलं होतं. इतकं सुरेख, की मी पायरीवरच बसले. आणि खाली, नीट जुळवलेल्या अक्षरांत छापलेलं: 'तुह्या हातची साबुदाण्याची उसळ गिच्च असते. मी चांगली म्हणत आली.'

प्रकाश माझ्या खांद्यावरून वाचून इतका हसला की मला त्याच्याबद्दलही काही गोष्टी कळल्या.

सगळ्यांना एकेक खरी गोष्ट मिळाली होती. ढोबळेकाकांना: 'तुमच्या नोटिसा कोणी वाचत नाही.' जोशीबाईंना: 'तुमचा कुत्रा मले आवडत नाही. तुम्ही आवडता.' रोज पहाटे रियाज करणाऱ्या एका सद्गृहस्थांना: 'गाणं राहू द्या, पेटी चांगली वाजवता.' ही छपाई उन्हात काढलेली नव्हती. प्रत्येक घराचं वाक्य वेगळं, म्हणून प्रत्येकाची अक्षरं कागदातून ब्लेडनं कोरून, जाळीखाली चिकटवून, एकेकच छापलेलं. पस्तीस घरं. पेनानं लिहिलं असतं तर तासाभराचं काम होतं.

मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "खरं बोलाचं तं मंग नीट छापून बोलाव."

आणि त्यांच्या स्वतःच्या फाटकालाही एक कार्ड टांगलेलं होतं. ते वाचायला वस्तीतली सगळी माणसं एकेक करून काही ना काही निमित्तानं तिथून गेली. त्यावर होतं: 'मले दिसत नव्हतं. मी बी कोणाले पुसलं नाही.'

ही कार्डं कोणाला लपवावी लागली नाहीत. माझ्या स्वयंपाकघरात आहे माझं, ओट्यासमोर. उसळ आता मोकळी होते. साबुदाणा मी कमी पाण्यात भिजवते.

त्यानंतर आमच्यात खूप भांडणं झाली, आणि फार बरं वाटलं. मावशी नवं चित्र आणत आणि दारातच विचारत, "बोल." आम्ही बोलायचो. काका म्हणायचे, पाण्याची टाकी वाकडी आलीय. मावशी म्हणायच्या, "टाकी वाकडीच हाये, तुम्हीच बसवली." पण सवय जायला वेळ लागतो. एकदा कशावर तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "छान आहे की." मावशींनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मला परत तो रविवार आठवला.

दीड वर्षानं त्या कुहीला भावाकडे राहायला गेल्या. तिथल्या बायकांच्या बचत गटाला पिशव्या छापायला शिकवायचं होतं. आम्ही सगळ्यांनी थांबवायचा प्रयत्न केला. ढोबळेकाकांनी तर नोटीस काढली. मावशी म्हणाल्या, "तुम्ही आता बोलता खरं, पण बोलाच्या आधी एक श्वास घेता. कुहीचे लोकं श्वास घेत नाहीत." चौकटी टेम्पोत चढवताना त्यांनी टेम्पोवाल्याला सहा वेळा सावकाश सांगितलं आणि सातव्यांदा स्वतः मागं चढून बसल्या.

मागल्या हिवाळ्यात बँकेच्या कामानं मी लकडगंजात गेले होते. ऑटो कागदाच्या ठोक दुकानांपाशी गर्दीत अडकला. फुटपाथवर, कागदाच्या रिमांच्या ढिगावर पाय सोडून मावशी बसल्या होत्या; कागद घ्यायला कुहीहून आल्या असाव्यात. गुडघ्यांवर एक भला मोठा छापलेला कागद पसरलेला. दुकानातला हमाल डोक्यावर गठ्ठा घेऊन चालला होता. त्यांनी त्याला हाताला धरून थांबवलं. काहीतरी विचारलं. त्यानं गठ्ठा खाली ठेवला, उकिडवा बसला, आणि चित्र बघू लागला. खूप वेळ बघत होता. मग त्यानं एका कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि मान हलवत बोलायला लागला, तक्रार केल्यासारखा.

मी ऑटोतून हाक मारली. हॉर्नच्या आवाजात त्यांना ऐकू गेली नाही. गर्दी सुटली, ऑटो हलला. मी मागं वळून पाहिलं. मावशींनी केसांतली पेन्सिल काढली होती, आणि हमाल बोलत होता तोवर खाली वाकून कागदावर लिहून घेत होत्या.